सुलतान बाजारातील एक खडखड

सुलतान बाजार हा पाहण्याचा, विकत घेण्याचा आणि घासाघीस करण्याचा मुलूख. ऐकण्यासाठी येथे कोणी येत नाही. दुकाने उघडल्यापासून रात्री ती बंद होईपर्यंत येथे इतके आवाज एकमेकांच्या अंगावर चढलेले असतात, की त्यांतला एखादा वेगळा काढून तो कोठून आला असे विचारण्याची सवड कोणालाच नसते. साड्या-ओढण्यांच्या दुकानांतल्या हाका, बडी चावडीवरचे भाजीवाले, रिक्षांचे भोंगे आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून डोक्यावरून धावणारी मेट्रो! हा बाजार ऐकायचा असेल तर सूर्योदयापूर्वीचा पाऊण तास गाठावा लागतो. गेल्या हिवाळ्यात एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने तो मला गाठावा लागला, आणि ज्या गल्ल्यांत उभे आयुष्य गेले त्यांतून मी प्रथमच कान देऊन फिरलो.

मोटार माझ्या काकांची. काका उदगीरकडचे शेतकरी आणि मोटार अँबेसेडर, म्हणजे दोघेही आता फारसे आढळत नाहीत अशा जातीचे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्याच्या कारखान्यात बेतलेली ही गाडी १९५७ पासून निघू लागली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले, हे सर्वांना ठाऊक आहेच. काकांच्या गाडीत मात्र उत्तरपाड्याचे इंजिन नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढत गेले, डिझेल त्या मानाने पुष्कळ स्वस्त राहिले, आणि देशभरच्या गॅरेजांतून एक नवाच उद्योग उभा राहिला. गाडीतले पेट्रोल इंजिन उतरवायचे आणि तेथे डिझेलचे बसवायचे. कंपनीची स्वतःची डिझेल अँबेसेडर १९८० च्या सुमारास आली. पण त्याआधीही आणि नंतरही कितीतरी गाड्यांच्या पोटात मिस्त्रींनी आपल्या हाताने दुसरेच काळीज बसविले. काकांच्या गाडीला मॅटाडोरचे इंजिन आहे, त्याची नोंद रीतसर कागदावर आहे, आणि त्या इंजिनावर त्यांनी तीन मुलींची लग्ने व ऊस-सोयाबीनचे चाळीस हंगाम काढले आहेत.

असे इंजिन बसविताना केवळ इंजिन बदलत नाही. त्याच्याबरोबर त्याचा गिअरबॉक्स येतो. अँबेसेडरचा गिअर मूळचा स्टिअरिंगच्या दांड्यावर. मॅटाडोरचा बॉक्स आला की दांडा जमिनीतून वर काढावा लागतो, त्यासाठी गाडीचा पत्रा कापावा लागतो. सायलेन्सरचा पाइपही मुळात दुसऱ्या इंजिनासाठी वाकविलेला असतो. तो तोडून, जोडून, नव्या वळणाने न्यावा लागतो. ही सारी कामे ज्याने केली त्याच्या हातावर पुढची चाळीस वर्षे अवलंबून असतात. काकांच्या गाडीचे काम ज्याने केले तो चांगला कारागीर असावा, कारण पत्र्याच्या कापाची कड त्याने कानशीने घासून गोल केली होती. जी कड कोणी पाहणार नाही ती घासणारा माणूस मला नेहमीच भरवशाचा वाटतो.

काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया हैदराबादेत झाली होती आणि पुढच्या तपासणीसाठी काका त्यांना घेऊन आमच्याकडे उतरले होते. येताना बीदर सोडल्यावर गाडीखालून खडखड सुरू झाली. वाटेतल्या एका गॅरेजात दाखविले, तर तेथे बॉनेट उघडून, दोन वेळा रेस देऊन निकाल सांगण्यात आला: क्रँकचे बेरिंग गेले, इंजिन खोलावे लागेल. खर्चाचा जो आकडा सांगितला तो मोडीत निघालेल्या अँबेसेडरच्या किमतीपेक्षा मोठा होता. काका रात्री जेवताना एवढेच म्हणाले, “आता गाडी इथंच कोणाला तरी देऊन टाकावी म्हणतो.” काकू काही बोलल्या नाहीत. त्यांना पाय लांब करून बसता येईल असे सलग मागचे आसन आताच्या गाड्यांत सहसा नसते, आणि उदगीर येथून सुमारे दोनशे किलोमीटर. काकांना मात्र अधिक लागले होते ते दुसरेच. ज्या गाडीने मुली सासरी पोचविल्या ती भंगाराच्या वजनावर विकायची, हे त्यांच्या तोंडून निघाले होते आणि परत घेता येत नव्हते.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारा मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणतो. त्यांचे गॅरेज गौलीगुड्याच्या बाजूला, एक खड्डा आणि वर पत्र्याचे छप्पर एवढेच. त्यांनी फोनवर सारे ऐकून घेतले आणि सांगितले, की गाडी रात्रभर थंड होऊ द्या, तिला हात लावू नका. मी पहाटे येतो. बाजार जागा झाला की गाडी काय बोलते ते मला ऐकू येणार नाही.

साडेपाचला ते बँक स्ट्रीटमागच्या आमच्या गल्लीत आले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. पहिला प्रश्न त्यांनी काकूंबद्दल केला: “पहले ये बोलो पाटीलसाब, अम्मा कू गाडी में चक्कर आते क्या? सर दुखता क्या?” काका चमकले. काकूंचे डोके बीदरपासून दुखत होते आणि मळमळतही होते. आम्ही सर्वांनी त्याचा बोल शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्यांवर ठेवला होता. उस्तादांनी मान हलविली आणि गाडी चालू करायला सांगितली.

डिझेल इंजिनाचा मूळचा आवाजच असा असतो की नवख्याला तो बिघाड वाटावा. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सात-आठपट दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. डिझेलमध्ये नुसती हवा वीसपटींच्या आसपास दाबली जाते, ती इतकी तापते की तीत फवारलेले तेल आपोआप भडकते. तो भडका म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी टकटक. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला असे दोन भडके होतात. मिनिटाला साडेसातशे फेरे धरले तर सेकंदाला पंचवीस. दर भडक्याला इंजिन आपल्या रबरी फाउंडेशनवर अंग झटकते. पेट्रोलचे इंजिन कुजबुजते, हे अंग झटकत बोलते. आणि ज्या गाडीचा सांगाडा कुजबुजीसाठी बेतलेला आहे तिच्यात हे बोलणे नको तेथे जाऊन वाजू लागते.

उस्तादांनी आधी बेरिंगची शंका फेडली. एकेका नोझलकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा नट त्यांनी, वर फडके धरून आणि बोटे दूर ठेवून, जेमतेम अर्धा फेरा सैल केला. (हे कोणी घरी करू पाहू नये, त्या नळीतले तेल कातडी फोडून आत शिरण्याइतक्या दाबाने येते.) नट सैल केला की तो सिलिंडर पेटायचा थांबतो, इंजिन लंगडे होते. बेरिंग गेलेले असेल तर त्याच्या सिलिंडरची पाळी आल्यावर ठोका लक्षात येण्याजोगा मंदावतो, कारण त्यावरचा मारच नाहीसा झालेला असतो. चारही नट झाले. इंजिन चार वेळा लंगडले, चार वेळा सावरले, आणि खालची खडखड चारही वेळा तशीच राहिली. मग त्यांनी हातभर लांबीचा लाकडी दांडका घेतला, त्याचे एक टोक इंजिनाच्या अंगावर निरनिराळ्या जागी टेकविले आणि दुसरे कानाशी धरले. डॉक्टरची नळी आणि हा दांडका यांत तत्त्वाचा काही फरक नाही.

“इंजिन कू नक्को छेडो, पाटीलसाब,” ते म्हणाले, “इंजिन शरीफ आदमी है. बदमाशी नीचे हो रई.”

काकांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले त्याचे वर्णन मी करीत नाही. पण उस्ताद अजून प्रसन्न दिसत नव्हते. त्यांनी काकांना चालवायला सांगितले, स्वतः मागे, काकूंच्या जागेवर जाऊन बसले, आणि मला पुढे बसविले. आम्ही प्रथम हनुमान टेकडी चढलो. हैदराबादच्या नकाशात ‘टेकडी’ हा आपला शब्द असा निवांत बसलेला आहे याचे मला नेहमी कौतुक वाटते. मराठवाड्याचे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत याच राज्यात होते. माणसे गेली-आली, शब्द मात्र पाट्यांवर राहून गेले. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर ओझे पडले तशी खडखड नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक बारीक, कोरडा ‘चट्-चट्’ ऐकू येऊ लागला. उतारावर तो थांबला. म्हणजे आवाज एक नव्हता, दोन होते, आणि बीदरच्या रस्त्यावर ते एकमेकांत मिसळून गेले होते.

टेकडी उतरून आम्ही बडी चावडीवरून सुलतान बाजारात शिरलो. मेट्रो अजून सुटायची होती. वरचा काँक्रीटचा पूल आणि दोन्ही बाजूंच्या बंद दुकानांचे पोलादी दरवाजे, यांमुळे रस्ता एखाद्या लांबट पेटीसारखा झाला होता आणि गाडीचा प्रत्येक आवाज परत आमच्याकडे येत होता. हा पूल होताना येथल्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. बाजाराचे आभाळ त्याने हिरावले हे खरेच आहे. उस्तादांना त्या पहाटे मात्र तो फार उपयोगी पडला. त्यांनी काकांना गाडी अगदी हळू, मग किंचित वेगाने, मग पुन्हा हळू घ्यायला लावली. खडखड फक्त मंद गतीला होती. इंजिनाचा वेग थोडा वाढला की एकदम थांबे, कमी झाला की परत येई. प्रत्येक लांब लोखंडी पाइपाला स्वतःचा एक झोका असतो. इंजिनाचे झटके त्या झोक्याशी जुळले की पाइप उसळून कशावर तरी आपटतो. झटके त्याच्या पुढे निघून गेले की तो बिचारा स्तब्ध राहतो.

कोठीच्या चौकात आलो. डाव्या हाताला जुनी रेसिडेन्सी, जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेली. तिच्यावरूनच या भागाला कोठी म्हणतात. १९४९ पासून तेथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय होते, आता महिला विद्यापीठ आहे. सुलतान बाजारचे जुने नाव रेसिडेन्सी बाजार. येथे निजामाचा नव्हे, ब्रिटिश रेसिडेंटचा अंमल चाले. म्हणून सावकार येथे वसले, पेढ्या निघाल्या. १८५७ च्या १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर चाल केली. १९३३ मध्ये हा बाजार निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव बदलले. निजामाच्या राज्यात जे उघडपणे करणे अवघड, त्याला येथे थोडा मोकळा वारा मिळे. त्यामुळेच असेल, चालत जाण्याच्या अंतरावर १८९२ चा आर्यसमाज, १९०१ चे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम आणि केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या नावांशी जोडलेली, १९०७ मध्ये सुरू झालेली आपली विवेक वर्धिनी अशा संस्था उभ्या राहिल्या. आमच्या घरातल्या तीन पिढ्या तेथे शिकल्या. त्या पहाटे त्या रस्त्याने जाताना गाडीत कोणीही इतिहास बोलत नव्हते. चौघांपैकी चौथे मन, म्हणजे काकूंचे, घरीच होते, आणि तिघांचे कान जमिनीकडे लागले होते.

पुतलीबावलीपाशी उस्तादांनी अचानक मागची काच खाली केली. दोन मिनिटांतच गाडीत धुराचा वास आला. काच वर घेतली, वास कमी झाला. काका म्हणाले, “हिला हवा लागावी म्हणून मीच काच उघडी ठेवायला सांगत होतो.” आपल्यापैकी बहुतेकजण हेच करू. पण चालत्या गाडीची मागची काच उघडी असली की आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा, जेथे फट सापडेल तेथून, वर येते. खाली पाइप फुटलेला असेल तर ती धूरच घेऊन येते. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी, एवढ्यावर समाधान मानू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे. आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, पाय लांब करून चार-पाच तास एकाच जागी पडून असलेल्या बाईला उठून बाहेर हवेत जाताही येत नाही.

गाडी खड्ड्यावर घेतली. उस्ताद खाली उतरले, बत्ती मागितली, आणि थोड्याच वेळात त्यांनी मलाही खाली बोलावले. तेथे जे दिसले ते इतके साधे होते की राग यावा. सायलेन्सरचा पाइप गाडीला रबराच्या झोळीने टांगलेला असतो. इंजिन हलते, त्याला बोल्टांनी जखडलेला पाइपही हलतो, आणि ते हलणे रबर पोटात घालते. काही महिन्यांपूर्वी ते रबर तुटले तेव्हा कोणी वेल्डिंगवाल्याने, मजबुतीच्या सद्हेतूने, त्या जागी लोखंडी पट्टी आडव्या दांड्याला पक्की डागून टाकली होती. पाइपाचे मागचे टोक असे गाडीला बांधले गेले आणि पुढचे टोक हलत्या इंजिनाला. सेकंदाला पंचवीस झटके, रोज, महिनोन्‌महिने. अखेर पुढच्या जोडापाशी पाइपाला बोटभर चीर गेली. तिच्याभोवती काजळीचा पंखा उमटला होता. चढावरचा ‘चट्-चट्’ तो हाच. चिरीमुळे पाइप किंचित खाली लोंबला आणि गिअरबॉक्सच्या आडव्या दांड्यावर आपटू लागला, ही खडखड. जेथे लोखंड लोखंडाला लागत होते तेथे रुपयाएवढा भाग चकचकीत झाला होता. तो सारा आवाज त्या पक्क्या पट्टीतून गाडीच्या अंगभर पसरत होता. म्हणून बॉनेटशी कान लावणाऱ्याला तो इंजिनाचा वाटला. चिरीच्या बरोबर वर, पत्र्याचा तो जुना, घासून गोल केलेला काप होता. त्यावरचे गिअरच्या दांड्याचे रबर काळाने फाटले होते.

उस्ताद त्या कापाच्या कडेवरून अंगठा फिरवीत थोडा वेळ उभे राहिले. “अच्छा हात था,” एवढेच म्हणाले.

सुटे भाग मिळेपर्यंत दुकाने उघडण्याची वाट पाहणे आले. पुतलीबावली आणि गौलीगुडा हा मोटारींच्या सुट्या भागांचा जुना भाग. याला कारण असावे. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ माणसे घेऊन बससेवा सुरू केली, आणि गौलीगुड्याचा तो प्रचंड अर्धगोल पत्र्याचा बसथांबा, ज्याला सारे ‘मिसल’ म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या या शहराचे दार होता. नांदेड, लातूर, सोलापूरकडून आलेला मराठी माणूस हैदराबादेत पहिले पाऊल टाकी ते त्या पत्र्याखाली. जेथे मोटारी तेथे मिस्त्री, आणि जेथे मिस्त्री तेथे दुकाने. मोठे स्थानक नदीकाठी गेले, मिसल २०१८ च्या जुलैत कोसळली; कोणाला इजा झाली नाही. दुकाने मात्र राहिली आहेत. दहाच्या सुमारास आम्ही एका अरुंद दुकानातून जाळीचा लवचीक पाइप, दोन रबरी झोळ्या, जोडाचे पॅकिंग आणि गिअरच्या दांड्याचे रबर घेतले. अँबेसेडरचे म्हणून मागितले असते तर मिळाले नसते. उस्तादांनी मापे घेऊन ठेवली होती आणि दुकानदाराला गाडीचे नाव सांगितलेच नाही.

पट्टी कापून टाकली. चिरलेला तुकडा काढून त्या जागी जाळीचा पाइप बसविला, म्हणजे इंजिनाने कितीही अंग झटकले तरी पुढे काही पोचू नये. पाइप रबरावर टांगला आणि आडव्या दांड्यापासून दोन बोटे अंतर ठेवले. इंजिनाचे एक फाउंडेशन तेल पिऊन मऊ झाले होते, तेही बदलले. गिअरच्या दांड्याला नवे रबर चढविले. मग पाइपाच्या तोंडात ओले फडके कोंबून गाडी चालू केली आणि उस्ताद जोडाजोडांवरून हात फिरवीत राहिले. कोठेही फुसफुस नव्हती. सारा खर्च, मजुरी धरून, त्या गॅरेजाने सांगितलेल्या आकड्याच्या विसाव्या भागाइतकाही झाला नाही. सायलेन्सरच्या आतला एक पडदा सैल असल्याचे त्यांना लाकडी हातोडीने ठोकून कळले होते. तो दिवाळीपर्यंत चालेल, मग बदला, असे त्यांनी सांगितले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

काकांनी गाडी देऊन टाकण्याचा विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही नाही. गुरुवारी पहाटे ती दोघे निघाली. काकूंनी पाय लांब केला, पाठीशी दोन उशा घेतल्या, आणि काच वर करायला स्वतःच सांगितले. पटणचेरू, झहीराबाद, बीदर करीत दुपारच्या आत ती उदगीरला पोचली. फोन काकूंनीच केला. डोके दुखले नव्हते. गाडीविषयी विचारले तेव्हा म्हणाल्या, “गाडी चांगली चालली. हेच वाटेत तीनदा थांबले, आवाज कुठं गेला म्हणून बघायला.”